मुक्त, फुकट आणि वेठ

साहित्याला आणि समाजचिंतनाला वाहिलेल्या त्रैमासिकात संगणकावरील संगीताची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचे उत्तर आरंभीच दिलेले बरे. आपल्या समीक्षेने आजवर शब्दांची कसून झडती घेतली. अनुभव कोणाचा, भाषा कोणाची, सौंदर्याच्या कसोट्या कोणी ठरवल्या, हे प्रश्न आपण प्रस्थापितांना विचारले आणि त्यांना उत्तरे देणे भाग पाडले. परंतु कलाकृती ज्या साधनाने घडते त्या साधनाची झडती आपण क्वचितच घेतली. कवितेच्या बाबतीत हे खपून जाते, कारण कागद आणि पेन सर्वांनाच मिळते असे आपण गृहीत धरतो. संगीताच्या बाबतीत ते खपत नाही. मृदंगाला कातडे लागते. ते सोलणारा, कमावणारा आणि खोडावर ताणून बसवणारा हात एक असतो. मृदंग पुढ्यात घेऊन मैफलीत बसणारा हात दुसरा असतो. टी. एम. कृष्णा यांनी 'सेबॅस्टियन अँड सन्स' (२०२०) या पुस्तकात मृदंग घडवणाऱ्या कारागिरांचा इतिहास मांडला. त्यांत दलित ख्रिस्ती कारागिरांची घराणी प्रमुख आहेत. नाद सर्वांनी ऐकला होता. तो घडवणाऱ्यांची नावे मात्र पुस्तकाच्या पानावर यायला २०२० साल उजाडावे लागले.

आज जगातल्या फार मोठ्या लोकसंख्येच्या कानावर जे संगीत पडते ते संगणकात तयार झालेले असते. म्हणजे वाद्याची जागा सॉफ्टवेअरने घेतली आहे. तेव्हा या नव्या वाद्याचे कातडे कोणाचे, हा प्रश्न विचारणे समीक्षेचे कामच ठरते.

१

संगणकाने संगीत निर्माण करण्याचा इतिहास १९५७ पासून सांगतात. त्या वर्षी अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीज या संस्थेत मॅक्स मॅथ्यूज यांनी लिहिलेल्या आज्ञावलीने आयबीएम ७०४ या अवाढव्य यंत्राकडून सतरा सेकंदांची एक धून वाजवून घेतली. त्यानंतर बराच काळ हे काम मोठ्या कंपन्या आणि श्रीमंत विद्यापीठे यांच्या भिंतींआडच चालले. संगणक घरोघर आले तेव्हा संगीताची सॉफ्टवेअरेही बाजारात आली. पण ती विकत घ्यायची, आतील रचना पाहायची नाही आणि त्यात बदल करायचा नाही, असा मामला होता.

या बंदिस्तपणाविरुद्ध १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी चळवळ सुरू केली. सॉफ्टवेअर हवे तसे वापरण्याचे, उघडून अभ्यासण्याचे, दुसऱ्याला देण्याचे आणि बदलण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला असले पाहिजे, अशी त्यांची मागणी होती. १९८९ मध्ये त्यांनी या स्वातंत्र्याला कायद्याच्या भाषेत बसवणारा परवाना लिहिला. पुढे १९९८ मध्ये 'ओपन सोर्स' हे नाव पुढे आले. मूळ चळवळीतला नैतिक आग्रह मागे ठेवून उद्योजकांना रुचेल असा व्यवहारी चेहरा त्या नावाने तिला दिला. संगीताच्या क्षेत्रात या विचाराची फळे हळूहळू दिसू लागली. जेम्स मॅकार्टनी यांनी १९९६ मध्ये आणलेले 'सुपरकोलायडर' हे ध्वनिनिर्मितीचे सॉफ्टवेअर २००२ मध्ये मुक्त परवान्याखाली खुले झाले. त्याच्याच पायावर सॅम अॅरन यांनी केंब्रिज विद्यापीठात २०१२ पासून 'सॉनिक पाय' उभे केले. त्याच वर्षी बाजारात आलेल्या, पस्तीस डॉलरच्या आसपास मिळणाऱ्या 'रास्पबेरी पाय' या तळहाताएवढ्या संगणकावर शाळकरी मुलांना संगीताच्या वाटेने आज्ञावली लिहायला शिकवावी, हा त्यामागील हेतू होता.

या लेखापुरते मी सॉनिक पायकडेच एक कलाकृती म्हणून पाहणार आहे. ते लहान आहे, त्याची आतली रचना उघडी आहे आणि त्याच्या निर्मात्यांचा हेतू निःसंशय चांगला आहे. वाईट हेतूच्या वस्तूवर टीका करणे सोपे असते. चांगल्या हेतूने घडलेल्या वस्तूत समाजरचना कशी उतरते, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

२

सॉनिक पायमध्ये पडद्यावर वाद्याचे चित्र नाही, पट्ट्या नाहीत, खुंट्या नाहीत. एक कोरी पाटी आहे. तिच्यावर 'प्ले ६०' असे लिहून चालू करण्याचे बटण दाबले की एक स्वर वाजतो. साठ म्हणजे पियानोच्या मधला सा समजा. एकसष्ट म्हटले की अर्धा स्वर चढतो. 'स्लीप' म्हटले की तेवढा वेळ थांबायचे. 'सॅम्पल' म्हटले की आधी ध्वनिमुद्रित केलेला एखादा तुकडा वाजतो. 'लाइव्ह लूप' म्हटले की त्याखाली लिहिलेल्या ओळी आवर्तनासारख्या फिरत राहतात. आणि खरी गंमत अशी की आवर्तन चालू असतानाच त्या ओळी बदलता येतात. बदल पुढच्या आवर्तनाला लागू होतो, ताल तुटत नाही. सहा-सात आज्ञांत एक माणूस तासभर वाजवू शकतो. शिकवण्याची पुस्तिका सॉफ्टवेअरच्या पोटातच असते. तिच्यासाठी इंटरनेट लागत नाही.

यातील दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, विद्येच्या गुप्ततेला दिलेला नकार. अशा रीतीने लोकांसमोर आज्ञावली लिहून वाजवणाऱ्यांची एक जागतिक मंडळी २००४ मध्ये हॅम्बुर्ग येथे 'टॉपलॅप' या नावाने एकत्र आली. वादकाने आपला पडदा श्रोत्यांना दाखवला पाहिजे, हा तिच्या जाहीरनाम्यातील एक आग्रह. वादक काय लिहितो, कोठे चुकतो, चूक कशी सावरतो, हे भिंतीवर सर्वांना दिसते. आपल्याकडील संगीतविद्येचा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला या आग्रहाचे मोल सांगावे लागणार नाही. चीज लपवणारे, घराण्याबाहेर विद्या जाऊ न देणारे, शिष्याकडून वर्षानुवर्षे घरची कामे करून घेऊन अर्धीच विद्या देणारे गुरू आपण वाचलेले आहेत. अंगठा मागणारा गुरू तर आपल्या स्मृतीचाच भाग आहे. येथे गुरूच्या पुतळ्याचीही गरज नाही. विद्या उघड्यावर ठेवलेली आहे.

दुसरी गोष्ट, चोरीच्या शिक्क्यातून सुटका. गरीब पोरे संगीताची महागडी सॉफ्टवेअरे विकत घेत नाहीत. कुलूप तोडलेली प्रत कोणाकडून तरी मिळवतात. कला करायची तर आधी कायद्याच्या नजरेत चोर व्हायचे, हा या व्यवस्थेचा उंबरठा आहे. मुक्त सॉफ्टवेअर तो उंबरठा काढून टाकते. मी वर्गात सॉनिक पाय उघडून दाखवले तेव्हा मागच्या बाकावरून पहिला प्रश्न आला, "सर, नंतर पैसे कापतील का?" हसण्यासारखा प्रश्न नाही तो. ज्यांच्या घरात फुकट मिळालेल्या प्रत्येक वस्तूची किंमत पुढे कधीतरी वसूल झाली आहे, त्यांचा तो प्रश्न आहे.

आज्ञा इंग्रजीत आहेत, हा आक्षेप घेतला जाईल. तो खरा आहे. माझ्या घरात पदवीचा कागद माझ्यापासून सुरू होतो, आणि सूचनांची पुस्तिका वाचून यंत्र चालवायचे असते हेही मला महाविद्यालयात आल्यावरच कळले. तरीसुद्धा मी म्हणेन की सॉनिक पायचे इंग्रजी हे शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन अर्जातल्या इंग्रजीपेक्षा पुष्कळ माणुसकीचे आहे. त्या अर्जात चुकले तर वर्ष जाते. येथे चुकले तर एक ओळ लाल होते. अडचण भाषेपेक्षा यंत्राची आहे. पस्तीस डॉलरचा संगणक म्हणताना त्याला लागणारा पडदा, कळफलक, ध्वनिवर्धक आणि खंड न पडता येणारी वीज यांचा हिशेब कोणी करत नाही. सॉफ्टवेअर मुक्त आहे. त्याला बसायला लागणारी खोली मुक्त नाही.

३

आता या वाद्याच्या पोटात काय आहे ते पाहू.

सॉनिक पायमध्ये स्वरसप्तकांची एक लांब यादी दिलेली आहे. 'स्केल' या आज्ञेपुढे नाव लिहिले की त्या मालिकेतले स्वर मिळतात. या यादीत भैरव आहे, अहिरभैरव आहे, पूर्वी, मारवा आणि तोडी आहेत. 'इंडियन' नावाची एक मालिका आहे आणि 'हिंदू' नावाचीही आहे. ही 'हिंदू' मालिका वाजवून पाहिली तर शुद्ध रे-ग-म, कोमल ध, कोमल नी असे स्वर येतात. आपल्याकडे चारुकेशी म्हणतात ते हे स्वर. त्यांना हे नाव पाश्चात्त्य संगीतशास्त्राने दिले, सॉनिक पायने ते जसेच्या तसे उचलले. स्वरांना धर्म चिकटवण्याचे काम तिकडच्या पुस्तकांनी केले आणि इकडच्या कोणालाही विचारण्याची गरज भासली नाही. शिवाय राग म्हणजे स्वरांची गोळाबेरीज नव्हे, हे आपल्याकडचा नवशिकाही सांगेल. पण तो दोष गौण आहे.

तयार ध्वनींच्या यादीत तबलाही आहे: ना, तुन, ते, के, घे असे बोल वेगवेगळे मुद्रित करून ठेवलेले आहेत. हलगी नाही. संबळ नाही. डफ नाही, ढोलकी नाही. म्हणजे भारत या वाद्यात आला तो राग आणि तबला यांच्या वाटेने आला. केंब्रिजला बसलेल्या माणसाने हे जातीच्या भावनेने केले, असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. त्याने जे उपलब्ध होते ते घेतले. पण उपलब्ध काय होते, हाच तर प्रश्न आहे. कोणाचा नाद लिहून ठेवला गेला, कोणाच्या नादाला शास्त्राचे नाव मिळाले, कोणाचे बोल सुटे करून, साफ करून जगाच्या हाती दिले गेले? गावकुसाच्या आतले संगीत ग्रंथात गेले, ग्रंथातून विद्यापीठात गेले आणि विद्यापीठातून सॉफ्टवेअरमध्ये गेले. गावकुसाबाहेरच्या संगीताला 'लोकसंगीत' म्हणून सांस्कृतिक कार्यक्रमाच्या शेवटी दहा मिनिटे मिळाली. जुन्या अभ्यासक्रमांची उतरंड नव्या यंत्रात अशी आपोआप उतरते. उतरवण्यासाठी दुष्ट माणसाची आवश्यकता नसते.

मात्र बंदिस्त वाद्यात आणि या वाद्यात एक मूलभूत अंतर आहे, आणि समीक्षकाने ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. येथे यादी हा शेवटचा शब्द नाही. 'प्ले ६०' ऐवजी 'प्ले ६०.५' लिहिता येते. पियानोच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत जो स्वर आहे तो वाजतो. आपण स्वतः मुद्रित केलेला कोणताही ध्वनी 'सॅम्पल' या आज्ञेपुढे त्याचा पत्ता लिहून वाजवता येतो. शिवाय सगळी रचना उघडी असल्याने 'हिंदू' हे नाव खोडून तेथे दुसरे नाव लिहिण्यापासून कोणी कोणाला अडवू शकत नाही. म्हणजे यादी ही कोणाची तरी मते आहेत, निसर्गनियम नव्हे, हे या वाद्यात दिसते तरी. बंदिस्त वाद्यात तेच मत यंत्राचा स्वभाव म्हणून समोर येते.

४

याच तयार ध्वनींच्या यादीत 'लूप अमेन' नावाचा एक तुकडा आहे. लांबी पावणेदोन सेकंद. ड्रम्सचे एक आवर्तन आहे ते. नवशिक्यांना ध्वनी लांबवणे, आखडणे, उलटा वाजवणे शिकवताना याच तुकड्याचा वापर होतो. माझ्या मते सॉनिक पायची खरी समीक्षा या पावणेदोन सेकंदांत आहे.

१९६९ मध्ये वॉशिंग्टनच्या 'द विन्स्टन्स' या सोल संगीताच्या चमूने एक तबकडी काढली. तिच्या एका बाजूला 'कलर हिम फादर' हे गाणे होते. ते गाजले आणि त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. दुसऱ्या बाजूला जागा भरायला 'अमेन, ब्रदर' ही वाद्यधून टाकली होती. तिच्या मध्यावर बाकीची वाद्ये थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हा कृष्णवर्णीय वादक चार आवर्तने एकटा ड्रम्स वाजवतो. साधारण सात सेकंद. १९८६ मध्ये जुन्या तबकड्यांतील अशा जागांचे जे संग्रह डीजे लोकांसाठी निघत होते, त्यांत हा तुकडा आला. तेथून तो अमेरिकेच्या रॅपमध्ये शिरला. १९८८ च्या 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन' या गाण्यातही तो आहे. नव्वदीच्या आरंभी इंग्लंडमध्ये 'जंगल' आणि 'ड्रम अँड बेस' या नावांनी संगीताचे जे नवे प्रकार जन्मले, त्यांचा तर हा तुकडा कणाच होता. तो चिरून, वेगवान करून, ठोके उलटेपालटे करून हजारो ध्वनिमुद्रिकांत वापरला गेला. जगात सर्वांत अधिक वेळा वापरल्या गेलेल्या ध्वनितुकड्यांत त्याची गणना होते.

ग्रेगरी कोलमन २००६ मध्ये अटलांटा येथे वारला. तो तेव्हा बेघर आणि कफल्लक होता. या सात सेकंदांपोटी त्याला एक सेंटही मिळाला नाही. चमूचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याच्याकडे धुनीचे हक्क होते. आपली धून जगभर वाजते आहे हे त्याला कळले ते १९९६ मध्ये, आणि तोवर दाव्याची मुदत टळून गेली होती. २०१५ मध्ये इंग्लंडमधील दोन डीजेंनी पुढाकार घेऊन लोकवर्गणी काढली आणि सुमारे चोवीस हजार पौंड स्पेन्सरला दिले. त्या माणुसकीबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे. पण ड्रम्सवर ज्याचे हात पडले होते तो तोवर मातीखाली होता.

फाइलच्या नावात गाण्यातला शब्द आहे. वाजवणाऱ्याचे नाव नाही.

५

इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात, म्हणून मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ पहिल्यापासून खुलासा करत आली: आम्ही स्वातंत्र्याबद्दल बोलतो, किमतीबद्दल नाही. मराठीत हा घोटाळा होत नाही. आपल्याकडे 'मुक्त' वेगळा आणि 'फुकट' वेगळा. परंतु आपल्याकडे एक तिसराही शब्द आहे आणि तो इंग्रजी खुलाशात कोठेच येत नाही: 'वेठ'. घेणाऱ्याच्या बाजूने जे फुकट असते तेच देणाऱ्याच्या बाजूने वेठ असू शकते. गावाचा जो निरोप फुकट पोचला, जे मेलेले जनावर फुकट ओढले गेले, जी हलगी मिरवणुकीपुढे फुकट वाजली, त्या प्रत्येक फुकटच्या मागे कोणाची तरी वेठ होती. तिला 'वतन' असे भारदस्त नाव होते. कामाला वेळेची मर्यादा नाही, मोबदल्याचा भरवसा नाही, नकाराची मुभा नाही, आणि नाव मात्र हक्काचे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले ते या शब्दाचे सोंग उतरवण्यासाठी. वतने कायद्याने जायला १९५८ साल उजाडले.

या तीन शब्दांनी सॉनिक पायकडे पुन्हा पाहू. ज्या परवान्याखाली ते दिले जाते त्याची अट जवळजवळ एकच आहे. प्रत करा, बदला, विका. पण आज्ञावली लिहिणाऱ्याच्या हक्काची नोंद प्रत्येक प्रतीसोबत राहिली पाहिजे. म्हणजे आज्ञावली लिहिणाऱ्याचे श्रम फुकट मिळतात, पण त्याचे नाव पुसता येत नाही. आणि हे श्रम त्याने स्वतःच्या संमतीने दिलेले असतात. ते श्रमदान आहे. त्याचीही आर्थिक ओढाताण होतेच. सॅम अॅरन यांना हे काम चालू ठेवण्यासाठी वापरणाऱ्यांकडे मासिक वर्गणी मागावी लागली, हे सर्वज्ञात आहे. तरी त्यांचे नाव त्यांच्यापाशी राहिले, आणि द्यायचे की नाही हे त्यांनी ठरवले.

ड्रम्स वाजवणाऱ्याला यांपैकी काहीच मिळाले नाही. संमती विचारली नाही, मोबदला दिला नाही, नाव राखले नाही. एकाच वाद्याच्या पोटात दोन प्रकारचे श्रम शेजारी शेजारी बसले आहेत. जे लेखणीने झाले त्यांना नावाचे संरक्षण आहे. जे हातांनी ढोल बडवून झाले ते सर्वांचे, म्हणजे कोणाचेच नाहीत. लिहिणारा हात आणि वाजवणारा हात यांच्यातली ही प्रतवारी आपल्याला नवी वाटू नये.

येथे एक आक्षेप जोराचा आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. कोलमनचा तुकडा असा मोकाट फिरला नसता तर ही नवी संगीते जन्मलीच नसती. आणि ती घडवणारी पोरे बहुतांशी गरीब, अनेकदा कृष्णवर्णीयच होती. तेव्हा कायद्याची कुंपणे घालून काय साधणार? आक्षेप मला मान्य आहे. १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपरच्या विरोधात अमेरिकन न्यायालयाचा निकाल गेला आणि परवानगीवाचून तुकडा वापरणे धोक्याचे झाले. परिणाम काय झाला? परवानगी विकत घेण्याची ऐपत मोठ्या कंपन्यांची होती. गल्लीतल्या पोराची नव्हती. शिवाय कायदा तंतोतंत पाळला गेला असता तरी पैसा धुनीच्या आणि ध्वनिमुद्रणाच्या मालकाकडे गेला असता, कोलमनकडे नव्हे. कारण कायद्याच्या लेखी त्याने काही 'रचले' नव्हते, फक्त वाजवले होते. म्हणून मालकी हक्काचा कायदा हा या दुखण्यावरचा उपाय नाही. तो दुखण्याचाच दुसरा चेहरा आहे. एका बाजूला बाजाराचे कुलूप, दुसऱ्या बाजूला वेठीवर उभे असलेले फुकट. मुक्त म्हणजे या दोहोंपेक्षा वेगळे काहीतरी असले पाहिजे, आणि ते अजून घडायचे आहे.

६

आपल्या जयंतीच्या मिरवणुकीत वाजणाऱ्या डीजेच्या संगीताबद्दल आपल्यातील सुशिक्षितांचे मत फारसे बरे नाही. जलशांची आणि शाहिरीची परंपरा बुडाली, आता नुसता दणदणाट उरला, असे म्हटले जाते. आवाजाच्या पातळीविषयीची तक्रार योग्य आहे. लहान मुले आणि म्हातारी माणसे यांच्या कानांचा विचार झालाच पाहिजे. पण त्या दणदणाटात एक पोरगा कोठेतरी दहा बाय दहाच्या खोलीत बसून ठोक्यावर ठोका रचतो आहे, हे आपण ऐकतो का? जपानच्या रोलँड कंपनीने काढलेले आणि खप नाही म्हणून १९८४ मध्ये बंद केलेले 'टीबी-३०३' हे यंत्र शिकागोच्या कृष्णवर्णीय तरुणांनी हाती घेतले आणि १९८७ च्या 'अॅसिड ट्रॅक्स'मध्ये त्याच्यातून असा काही आवाज काढला की संगीताचा एक नवा प्रकारच उभा राहिला. त्यांच्या आवाजालाही दणदणाटच म्हटले गेले असणार. वानखेडे, वाघमारे यांच्या पिढीने कृष्णवर्णीयांचे साहित्य मराठीत आणले तेव्हा आपल्या लेखनाला बळ मिळाले. त्यांच्या संगीताकडे, आणि ते ज्या यंत्रांवर घडले त्या यंत्रांकडे, आपण तितक्या गांभीर्याने पाहिलेले नाही.

जयंतीच्या संगीतात हलगीचे ठोके येतात. संगणकातूनच येतात. ते कोणी वाजवलेले असतात? कोणत्या गावच्या, कोणत्या वादकाचे? मूळ मुद्रणाच्या प्रतीची प्रत, तिची प्रत, असे करत तो ठोका पोरांपर्यंत पोचतो आणि वाटेत माणूस गळून पडतो. म्हणजे जे कोलमनचे झाले ते आपण आपल्याच माणसाचे करतो आहोत.

हलगीच्या बाबतीत तर अधिक सावध राहावे लागेल. ज्या घरांनी चळवळीच्या काळात हलगी खुंटीला टांगली किंवा मोडून टाकली, त्यांना नादाचा द्वेष नव्हता, वेठीचा होता. तोच नाद आता आपण 'आपला वारसा' म्हणून संगणकात भरायचा असेल तर तो कोणत्या अटींवर, हे आधी ठरवले पाहिजे. माझ्या मते अटी तीन आहेत: संमती, मोबदला आणि नाव. वादकाला आपला ठोका कोठे जाणार हे कळले पाहिजे आणि नाही म्हणता आले पाहिजे. मुद्रणाच्या दिवसाची मजुरी हातावर पडली पाहिजे. आणि नाव असे गुंफले पाहिजे की ठोका उचलताना नाव उचलल्याशिवाय गत्यंतर नसावे. तिसरी अट तर तांत्रिकदृष्ट्या क्षुल्लक आहे. सॉनिक पायमध्ये ध्वनी त्याच्या फाइलच्या नावानेच हाकारला जातो. फाइलला 'हलगी १' असे नाव देण्याऐवजी वादकाचे आणि गावाचे नाव दिले, तर ज्याला तो ठोका वाजवायचा आहे त्याला दर वेळी ते नाव टंकावे लागेल. शाळेतला मुलगाही आपल्या पहिल्या धड्यात ते नाव लिहील. टॉपलॅपच्या रिवाजाप्रमाणे पडदा भिंतीवर दाखवला तर श्रोते ते वाचतील.

हे करायला कोणाची परवानगी लागत नाही. सॉफ्टवेअर हाताशी आहे आणि ते उघडे आहे. बऱ्या मोबाइलवरही मुद्रण करता येते. महाविद्यालयांतील संगणकांच्या खोल्या दुपारनंतर कुलपात असतात, त्या उघडून घेता येतील. लागेल तो मोबदल्याचा पैसा, आणि तो वर्गणीने उभा करण्याची सवय आपल्या वस्त्यांना पिढ्यान्पिढ्या आहे.

मुक्त सॉफ्टवेअरच्या लोकांनी आपल्याला एक वाद्य दिले आणि त्याचे पोट उघडून दाखवले. त्याबद्दल कृतज्ञ असावे. पण त्या पोटात पावणेदोन सेकंदांचा एक माणूस नावाशिवाय पडलेला आहे, हे आपण पाहिले आहे. आपण त्यात जे भरू ते तसे भरता कामा नये.